आमच्या दिंडीची पुस्तकं आणि आमच्या दिंडीच्या चाली

शताब्दीची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मुक्कामांची यादी, पंगतीच्या मानकऱ्यांची यादी, विणेकरी आणि चोपदारांची परंपरा हे सगळं ओघानं आलंच. ते इतर पानांवर दिलेलं आहे. आमच्याकडे सोपवलेलं काम जरा वेगळं होतं. शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं काय वाचलं आणि काय गायलं ते लिहा, असं मंडळींनी सांगितलं. म्हणून आम्ही एकादशीच्या जागरात, मंदिराच्या ओट्यावर, वाटेवरच्या मुक्कामात, जुन्या-नव्या टाळकऱ्यांना एकच प्रश्न विचारत गेलो : तुमच्या आवडीचं पुस्तक कोणतं, आणि आवडीची चाल कोणती?

दिंडीतले सगळ्यांत थोरले विणेकरी आधी हसलेच. म्हणाले, "मला सही येत नाही, अंगठा उठवतो, अन् मला पुस्तक विचारता व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "गाथा. वाचता येत नाही, पण कोणता अभंग पुस्तकाच्या कोणत्या अंगाला आहे ते बोट ठेवून सांगतो." आणि खरंच सांगत. शेजारी वाचणारा पन्नास वर्षं बसला, तो पानं उलटताना यांनी पाहिलेली. पान डाव्या हाताचं की उजव्या, अभंग वरच्या अंगाला की तळाला, हे त्यांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. असं वाचन आमच्या गावात पुष्कळांनी केलं आहे. साक्षरांच्या मोजणीत ते कुठेच धरलेलं नाही.

लिंबागणेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी भालचंद्र गणपती आठवतो. गणपतीच्या गावची दिंडी विठोबाकडे कशी, असं वाटेत कुणी ना कुणी विचारतंच. त्याला आमच्या कीर्तनकारांचं ठरलेलं उत्तर आहे. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणपतीला जे नमन केलं आहे त्यात गणपती म्हणजे साक्षात वाङ्मय. सहा दर्शनं हे त्याचे सहा हात, पुराणं हे अंगावरचे दागिने, आणि काव्य-नाटकं म्हणजे त्याच्या घागऱ्या, अर्थाचा नाद करणाऱ्या. म्हणजे पुस्तकांवर आणि गाण्यावर लेख लिहायचा तर तो आमच्याच गावच्या देवापासून सुरू व्हायला हवा. कीर्तनकार एवढं सांगून एक डोळा बारीक करतात आणि पुढच्या अभंगाला हात घालतात.

आता पुस्तकांकडे येतो.

शंभर वर्षांपूर्वी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत, शाळेतही उर्दूचं वजन. मराठी पुस्तक खेड्यात यायचं ते शाळेच्या वाटेनं क्वचितच, पंढरीच्या वाटेनं जास्त. कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइटची छोटी गाडी 1906 साली सुरू झाली, पण आमची माणसं पायीच जात. बालाघाटावरून दक्षिणेला उतरायचं, आणि परतताना पाठीवरच्या वळकटीत दोन वस्तू हमखास असायच्या, चुरमुऱ्या-बत्ताशांचा प्रसाद आणि देवळाच्या आसपासच्या दुकानातून घेतलेलं एखादं पुस्तक. ज्याच्या घरी पुस्तक आलं त्याच्या ओसरीवर संध्याकाळी चार माणसं जमायला लागायची. सभा-संमेलनांवर निजामी राजवटीचा डोळा असे. गश्ती निशाण त्रेपन्नचं नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात येतं. परवानगीशिवाय सभा भरवता येत नव्हती. अशा काळात पोथी, भजन, कीर्तन ही माणसांनी एकत्र बसून मराठी ऐकायची, बोलायची जागा होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर शाळा आल्या, वाचनालयं आली, पण आमच्या भागात मराठी वाचनाची पहिली शाळा म्हणजे ओसरीवरची पोथी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या पोथ्या कोणत्या? बायांना विचारलं तर पहिलं नाव येतं ते 'भक्तिविजय'. ताहराबादच्या महिपतीबुवांनी 1762 साली पुरा केलेला हा ग्रंथ श्रावणात घरोघर लागायचा. त्यातल्या गोष्टी बायांनी इतक्यांदा ऐकलेल्या की वाचणारा ओवी चुकला तर चुलीपुढून दुरुस्ती यायची. त्याच्या जोडीला श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप'. एका आजींचं म्हणणं असं, की पांडवप्रताप वाचायला घेतला की घरात भांडणं लागतात म्हणून त्यांच्या सासूबाई तो घरात वाचू देत नसत, मारुतीच्या देवळात वाचायला लावत. हे भारताबद्दलही बोललं जातं. ऐकायला मात्र सासूबाई स्वतः सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसत.

गाथेची गोष्ट मोठी आहे. तुकोबांचे अभंग त्यांच्या काळापासून टाळकऱ्यांच्या वह्यांत राहिले. संताजी तेली जगनाडे यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी 1919 आणि 1920 साली गाथा छापली. त्याच्या कितीतरी आधी, 1869 मध्ये पहिला आणि 1873 मध्ये दुसरा असे दोन भाग मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून निघाले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्यानं देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या प्रती ताडून पाहिल्या होत्या. मुंबई सरकारनं त्या कामाला 24,000 रुपये दिले. त्या काळचे चोवीस हजार! इंग्रजाच्या तिजोरीतून तुकोबाला एवढे पैसे निघाले, याचं आमच्या जुन्या मंडळींना फार नवल वाटे. नदीतून तरलेली गाथा मग छापखान्यातूनही तरली, असं एक कीर्तनकार म्हणत. हीच गाथा 1950 साली सरकारनं पुन्हा छापली. तिला आमच्याकडे 'सरकारी गाथा' म्हणतात. तिच्यात 4607 अभंग आहेत.

आकडा मुद्दाम दिला. कारण दिंडीत वाद होतात ते बहुधा यावरूनच. तुकाराम तात्या पडवळांच्या गाथेत आठ हजारांवर रचना आहेत. एखादा अभंग एकाच्या पुस्तकात असतो, दुसऱ्याच्या नसतो. एखाद्यात चरण जास्त, एखाद्यात कमी. मग मुक्कामाला रात्री तंबूत कंदिलाभोवती चार गाथा उघडल्या जातात. बाहेरच्याला वाटेल भांडण चाललंय. पण त्या वादात अडाणी माणूससुद्धा पाठभेद म्हणजे काय ते शिकला. विद्यापीठात जे शिकवतात ते आमच्या दिंडीत कुर्डूच्या आसपास दर साल शिकायला मिळतं.

नुसता मूळ अभंग म्हणणं एक, अर्थ कळणं दुसरं. ते दुसरं आमच्याकडे आलं ते जोग महाराजांच्या परंपरेतून. वै. विष्णुबुवा जोग हे पुण्याचे, मूळचे पैलवान गडी. त्यांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तोवर कीर्तन शिकायचं तर एखाद्या फडाच्या मागं वर्षानुवर्षं हिंडायला लागायचं. संस्थेत मुलं चार वर्षं राहून गाथा, ज्ञानेश्वरी, पखवाज, गाणं पद्धतशीर शिकू लागली. माधुकरी मागायची आणि शिकायचं. जोग महाराजांनी सार्थ गाथा लिहिली. त्यांच्या शिष्यांत मामासाहेब दांडेकर आहेत, ज्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आज आमच्या निम्म्या घरांत आहे. आणि त्याच मालिकेत आमच्या शेजारच्या नेकनूरचे वै. बंकटस्वामी महाराज. नेकनूर आम्हाला किती जवळ ते इथल्या वाचकाला सांगायला नको. आठवड्याच्या बाजाराला जावं तशी आमची माणसं नेकनूरला सप्त्याला गेली. या भागातल्या कीर्तनात अभंगाचा अर्थ शब्द सोडवून सांगायची जी सवय आहे, ती तिकडून आली. चुटके आणि नकला कमी, गाथेची प्रमाणं जास्त. हल्ली उलटं होत चाललं आहे. ते असो.

बीड जिल्ह्याला ग्रंथांची उणीव नव्हतीच म्हणा. अंबाजोगाईला मुकुंदराज, त्यांचा 'विवेकसिंधू' शके 1110 चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा मानतात. त्याच अंबाजोगाईला दासोपंत. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. एवढं लिहायला कागद कुठला पुरणार? त्यांनी पासोडीवरच लिहिलं. कापडाची लांबलचक पासोडी, जवळपास चाळीस फुटांची, आणि तिच्यावर 'पंचीकरण'. ती पासोडी अंबाजोगाईला जपून ठेवलेली आहे. आमच्यातले जे पाहून आले ते अक्षराबद्दल बोलत नाहीत, कापडाबद्दल बोलतात. एक शिंपीदादा म्हणाले, "पासोडी म्हंजी पांघरायची वस्तू. थंडीत ती अंगावर घ्यायची सोडून त्यावर ग्रंथ लिहिला, हे काय साधं झालं?" दासोपंतांनी पदंही पुष्कळ लिहिली, रागांची नावं देऊन. पण ती आमच्या भजनात फारशी नाहीत. मोठ्या ग्रंथांचं नशीब असंच असतं. नमस्कार जास्त, वाचन कमी.

रोजच्या वापराचं पुस्तक विचाराल तर ते वेगळंच आहे. भजनी मालिका. काकडा, हरिपाठ, पंचपदी, वारांचे अभंग, गौळणी, आरत्या, सगळं एका जागी, बंडीच्या खिशात मावेल असं. तिचं आवडीच्या पुस्तकांत कुणीही नाव घेतलं नाही, आणि तिच्याशिवाय कुणाचा एक दिवस गेला नाही. दिंडीच्या पेटीत जुन्या मालिका निघाल्या त्यातल्या एकीलाही धड पुठ्ठा नाही. पावसात भिजलेल्या, कणकेचे डाग पडलेल्या. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायची, तोच हात पुसून पान उलटायचं, दुसरं काय होणार?

आता चालींचं.

वारकरी चाल कागदावर नसते, ती गळ्यातून गळ्यात जाते. पुढं म्हणणारा चरण उचलतो, मागचे टाळकरी धृपद धरतात, पखवाज ठेका देतो, वीणा मधे उभी. चालता चालता म्हणायची चाल वेगळी, बसून म्हणायची वेगळी. रूपाच्या अभंगाला संथपणा पाहिजे, गौळणीला चाल मोकळी. सूर उंच, काळी चार-पाचात, कारण उघड्या माळावर शंभर माणसांच्या पुढं आवाज जायला पाहिजे. माइक नव्हते तेव्हा ज्याचा आवाज मागच्या पताकेपर्यंत पोचेल तोच पुढं म्हणायचा. त्यामुळं चालीही तशाच घडल्या, लांब हाका मारल्यासारख्या. बैठकीच्या गायकाला त्या ओबडधोबड वाटतील. त्यानं त्या पाटोद्यापुढच्या उघड्या रस्त्यावर, समोरून वारा असताना म्हणून पाहाव्यात.

या चालींवर पहिलं आक्रमण, किंवा पहिला पाहुणा म्हणा, सिनेमाचा. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 साली आला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा झालेले. पुढच्या वर्षी परदेशात व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पंढरपूरला वारीत तंबूत हा सिनेमा पाहिलेली माणसं आमच्या दिंडीत होती. पडद्यावर पागनीस आले की लोक हात जोडायचे, हे ती माणसं आम्हाला सांगत. त्या सिनेमातलं बीज आणि झाडाचं गाणं दिंडीत घुसलं. सुंदर गाणं. केशवराव भोळ्यांची चाल, शब्द शांताराम आठवल्यांचे. पण भल्याभल्यांना ते तुकोबांचंच वाटलं, आणि गाथेत ते शोधणारे शोधत बसले. आमच्याकडेही दोन तट पडले. जुने म्हणत, गाथेत नाही ते वाटेवर म्हणायचं नाही. तरुण म्हणत, एवढं चांगलं आहे तर काय बिघडलं? थोरल्या विणेकऱ्यांनी निवाडा केला तो आम्हाला अजून पटतो : "त्यात मुद्रा नाही. ज्यानं लिहिलं त्यानं तुकोबाचं नाव लावलं नाही, म्हंजी तो प्रामाणिक हाय. तुम्ही का लावता?" तेव्हापासून ते गाणं मुक्कामाच्या भजनात चालतं, वाटेवर नाही. त्याच सिनेमात सालोमालो दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवतो, हेही विणेकऱ्यांच्या ध्यानात असावं.

पुढं रेडिओ आला. ग्रामपंचायतीचा एक संच, नंतर घरोघर ट्रान्झिस्टर. परभणी केंद्र लागायला लागलं आणि पहाटेच्या काकड्याला जोड मिळाली. नामदेवरायांच्या अभंगाला राम फाटकांनी चाल लावून पुणे आकाशवाणीवर भीमसेन जोशींकडून गाऊन घेतला, श्रीनिवास खळ्यांच्या चालीत लताबाईंनी तुकोबा गायला. हे ऐकून आमच्यातल्या गाणाऱ्यांची पंचाईत झाली. घरी तीच चाल गुणगुणायची, दिंडीत जुनी. हार्मोनियमचंही तसंच. आमच्या वाटेवरच्या भजनात पेटीला जागा नाही, कीर्तनात आहे. गंमत म्हणजे आकाशवाणीनंही 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. आमचे लोक म्हणायचे, बघा, सरकारलाही कळलं! कारणं दोघांची निराळी होती, पण वादात एवढं कोण बघतो.

मग कॅसेट. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आमच्या भागातल्या प्रत्येक टेम्पोत, प्रत्येक रसवंतीत, प्रत्येक लग्नाच्या मांडवात घुमला. काही बुवामंडळी त्याला नाक मुरडायची. आम्हाला ते कधीच पटलं नाही. ज्या माणसाला गाथा परवडली नाही, सप्त्यात पुढं बसायला मिळालं नाही, त्याच्यापर्यंत विठोबा शिंद्यांच्या गळ्यातून पोचला. तो आवाजही लांबवर जाणारा, उघड्या माळावरचा. वारकरी चालीचा तो चुलतभाऊच म्हणायला हरकत नाही.

बायांच्या गाण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याला ना छापखाना मिळाला ना रेडिओ. दिंडीत तुळशीवाल्या बाया शंभर वर्षं चालत आल्या. चालताना पुरुषांच्या मागं टाळ्या वाजवत अभंग म्हणतात, पण विसाव्याला झाडाखाली बसल्या की त्यांचं स्वतःचं सुरू होतं. जात्यावरच्या ओव्या. विठ्ठलाला भाऊ करायचं, पंढरीला माहेर करायचं, रुखमाईचं आणि त्याचं भांडण लावून द्यायचं, आणि मधेच नवऱ्याचं, सासूचं, दुष्काळाचं. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. गिरणी आली, जातं बंद पडलं, ओवी मात्र वारीत राहिली, कारण वारीत हात रिकामे आणि पाय चालते असतात. एका आजींना आम्ही आवडीचं पुस्तक विचारलं तर म्हणाल्या, "माझं पुस्तक माझ्या आईसंगं गेलं. उरलंय ते सांगते, लिवून घे." दीड तास सांगत होत्या. त्यातल्या निम्म्या ओव्या आम्हाला कुठेही छापलेल्या दिसल्या नाहीत. या स्मरणिकेच्या शेवटी त्यांच्या ओव्यांची वेगळी पुरवणी जोडायचं मंडळानं ठरवलं, तेव्हा पानांच्या खर्चावरून थोडी कुरकुर झाली. जाहिरातीची चार पानं कमी केली आणि पुरवणी ठेवली.

दिंडीच्या गाण्यावर सगळ्यांत जास्त परिणाम कशाचा झाला असेल, तर तो सिनेमाचाही नाही आणि रेडिओचाही नाही. कोयत्याचा झाला. 1972 च्या दुष्काळानंतर आमच्या डोंगरपट्ट्यातून उसाच्या तोडीला जाणारी माणसं वाढत गेली. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. म्हणजे कार्तिकी बुडते. माघी बुडते. गावचा सप्ताह ज्या वेळी असतो त्या वेळी गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. पखवाज्या कारखान्यावर, पुढं म्हणणारा दुसऱ्या कारखान्यावर. दिंडीची वारी आषाढीची म्हणून टिकली, कारण तेव्हा माणूस गावात असतो. पेरणीची घाई असली तरी असतो.

आणि तिकडे, फडावर, कोप्यांच्या रांगेत काय होतं? ज्यानं त्यानं आपापलं नेलं. पखवाज नेता येत नाही, टाळ नेता येतात. मालिका आणि हरिपाठाचं चोपडं नेता येतं. रात्री गाडी भरून झाली, भाकरी झाली, की एखाद्या कोपीपुढं हरिपाठ व्हायचा. पखवाजाच्या जागी पत्र्याचा डबा. आमचे आजचे एक उत्तम मृदंगमणी डब्यावर हात बसवूनच शिकलेले आहेत. म्हणूनच त्यांची डाव्या हाताची थाप जरा जास्तच कडक पडते, असं त्यांचे गुरुजी चिडवतात. दुसरी गोष्ट अशी, की कारखान्यावर वेगवेगळ्या तालुक्यांतली माणसं शेजारी राहतात. धारूरच्या माणसाची गौळणीची चाल आमच्याकडे आली, आमची पाथर्डीकडे गेली. आज दिंडीत म्हटल्या जाणाऱ्या चालींपैकी कोणती आजोबांकडून आली आणि कोणती उसाच्या फडावरून, हे सांगताना जुने लोकसुद्धा अडखळतात.

पण मधल्या एका पिढीचं पाठांतर तुटलं, हेही खरं. पाठांतर म्हणजे रोजचं बसणं. सहा महिने बाहेर राहणाऱ्याला ते कुठून जमणार? थोरल्या विणेकऱ्यांना सातशे-आठशे अभंग पाठ. त्यांच्या मुलाला शंभर. नातवाच्या मोबाईलमध्ये सगळी गाथा, सगळी ज्ञानेश्वरी, आणि पाठ हरिपाठ तेवढा. 2020 आणि 2021 या दोन वर्षी पायी वारी झालीच नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. तेव्हा याच नातवांनी मोबाईलवर घराघरातली भजनं जोडली, म्हाताऱ्यांना पडद्यावर एकमेकांची तोंडं दाखवली. त्यामुळं मोबाईलला आम्ही शिव्या देणार नाही. मात्र चालता चालता पडद्यावर बघून म्हणणारा टाळाचं पाऊल चुकतो, शेजाऱ्याच्या तोंडाकडे त्याचं लक्ष राहत नाही, आणि चाल तर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच उचलायची असते. पावसात पडदा ओला झाला की अभंग अर्ध्यावर राहतो, ते वेगळंच.

म्हणून गेल्या वर्षभरात एक काम केलं. थोरले विणेकरी आणि त्यांच्या बरोबरीचे दोघे अशा तिघांना बसवून वारांच्या अभंगांच्या, रूपाच्या आणि गौळणींच्या जुन्या चाली त्याच नातवांच्या मोबाईलवर भरून घेतल्या. पखवाजासकट. मधे खोकला आहे, कोंबडा आरवलेला आहे, एका ठिकाणी चहा आल्याचंही ऐकू येतं. एकच अभंग तिघांनी तीन चालींत म्हटला आणि तिघेही आपलीच जुनी म्हणतात. आम्ही तिन्ही ठेवल्या. वहीत प्रत्येक अभंगापुढं सरकारी गाथेतला क्रमांक, म्हणणाऱ्याचं नाव आणि त्यानं ती चाल कुणाकडून घेतली त्याचं नाव लिहिलं आहे. कुठे आजोबा लिहिलं आहे, कुठे 'कारखान्यावरचे धारूरवाले', तर एका गौळणीपुढं 'आईकडून, दळताना'.

गौळणींचं काम अजून अर्धं राहिलं आहे. तिघांपैकी एकांचा आवाज पावसाळ्यात बसला, ते दसऱ्यानंतर म्हणतो म्हणाले आहेत. ज्यांच्याकडे घरात जुनं बाड, मालिका किंवा कॅसेट असेल त्यांनी ती मंदिरात आणून द्यावी, नक्कल करून परत केली जाईल. आणि तोडीला निघण्याआधी ज्यांना एखादी चाल सांगायची असेल त्यांनी रात्री हरिपाठानंतर यावं. पोरं मोबाईल घेऊन ओट्यावर बसलेली असतात.